दोषारोपपत्राची तारीख आणि निवृत्तीची संध्याकाळ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाच्या वेगवेगळ्या बाजू मांडणारी असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. सरकारी सेवेत असताना झालेल्या गैरवर्तनाचा जाब निवृत्तीनंतर विचारता येतो का, आणि तो विचारताना निवृत्तीच्या लाभांना कुठपर्यंत हात लावता येतो, हा तो विषय. पत्रलेखकांच्या विनंतीनुसार नावे, कार्यालये आणि गावे वगळली आहेत.

प्रश्न : मी महसूल विभागातून मंडळ अधिकारी या पदावरून ३१ मे रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झालो. ३१ तारखेला शनिवार असल्यामुळे निरोप समारंभ शुक्रवारीच उरकला आणि शाल-श्रीफळ घेऊन मी घरी आलो. ९ जूनला स्पीड पोस्टाने दोषारोपपत्र हाती पडले. त्यावरची तारीख ३० मे आहे, पाकिटावरचा टपालाचा शिक्का मात्र ७ जूनचा आहे. सहा वर्षांपूर्वी एका फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या) नोंदीवर लेखी हरकत आलेली असताना ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत न घेता मी नोंद प्रमाणित केली, असा आरोप आहे. आता उपदान (ग्रॅच्युइटी) रोखले आहे, अंशराशीकरणाचा, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घेण्याचा, अर्ज परत केला आहे आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कमही अडवली आहे. ‘चौकशी संपल्याशिवाय काहीच मिळणार नाही,’ असे आस्थापना शाखा सांगते. हे कायदेशीर आहे का?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण जाता जाता लिहिली आहे. ती म्हणजे पाकिटावरचा ७ जूनचा शिक्का. ते पाकीट टाकून दिले नसेल, तर सांभाळून ठेवा.

आधी तत्त्व सांगतो. निवृत्तिवेतन ही सरकारने खुशीने दिलेली बक्षिसी नसून कर्मचाऱ्याने सेवेतून मिळवलेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या प्रकरणात म्हटले आणि १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा यांच्या प्रकरणातील निकालात ते अधिक ठामपणे मांडले. निवृत्तांच्या संघटना १७ डिसेंबर हा ‘पेन्शनर दिन’ म्हणून पाळतात, तो या निकालामुळेच. पुढे २०१३ मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की निवृत्तिवेतन आणि उपदान ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० अ खालील मालमत्ता असून नियमाचा आधार नसताना, केवळ प्रशासकीय सूचनांच्या जोरावर, ती रोखता येत नाही. त्यामुळे असा नियम आहे का, आणि त्याच्या अटी पाळल्या गेल्या का, हे पाहणे भाग पडते.

महाराष्ट्रात तो नियम आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम २७ अन्वये, सेवाकाळात गंभीर गैरवर्तन किंवा निष्काळजीपणा केल्याचे विभागीय चौकशीत अथवा न्यायालयीन कार्यवाहीत सिद्ध झाले, तर शासन निवृत्तिवेतन पूर्णतः किंवा अंशतः, कायमचे किंवा ठरावीक काळासाठी रोखू शकते आणि शासनाचे झालेले आर्थिक नुकसानही त्यातून वसूल करू शकते. चौकशी सेवेत असतानाच सुरू झाली असेल, तर कर्मचारी निवृत्त झाल्याने ती संपत नाही, जणू तो सेवेतच आहे अशा रीतीने ती पुढे चालते. सेवेत असताना ती सुरू झाली नसेल, तर मात्र दोन कुंपणे आडवी येतात. एक, शासनाच्या मंजुरीशिवाय ती सुरू करता येत नाही. दोन, ती सुरू होण्याच्या तारखेपूर्वी चार वर्षांहून अधिक काळ आधी घडलेल्या घटनेबद्दल ती मुळीच करता येत नाही.

आपल्यावरील आरोप सहा वर्षांपूर्वीचा आहे. चौकशी ३० मे रोजी सुरू झाली असे धरले, तर चार वर्षांची अट लागू होत नाही. ती ७ जून रोजी सुरू झाली असे धरले, तर ती उभीच राहू शकत नाही. आपले सगळे प्रकरण या आठ दिवसांत अडकले आहे.

चौकशी नेमकी कधी सुरू होते, याचे उत्तर नियम २७ मध्येच दिलेले आहे : दोषारोपपत्र ज्या दिवशी काढले जाते त्या दिवशी, किंवा कर्मचारी आधीच निलंबित असेल तर निलंबनाच्या दिवशी. आपण निलंबित नव्हता, तेव्हा प्रश्न ‘काढले’ या शब्दाचा आहे. बढतीच्या संदर्भातील खुराना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये या शब्दाचा अर्थ लावला. दोषारोपपत्र कर्मचाऱ्याच्या हातात पडलेच पाहिजे असे नाही, पण ते तयार होऊन त्याच्याकडे रवाना झालेले असले पाहिजे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे आपल्याला ते ९ जूनला मिळाले, या मुद्द्यावर आपण जिंकणार नाही. परंतु ३० मे रोजी साहेबांची सही झाली आणि कागद आठवडाभर टेबलावरच राहिला, असे दाखवता आले, तर आपली बाजू भक्कम होते.

ते दाखवण्यासाठी माहितीच्या अधिकारात तीन कागदांच्या प्रती मागा : दोषारोपपत्रावरील जावक क्रमांक ज्या पानावर आहे ते जावक नोंदवहीचे संपूर्ण पान आणि त्याच्या मागचे-पुढचे पान, टपाल रवाना केल्याची डाकबुकातील नोंद, आणि दोषारोपपत्राला मान्यता देणारी टिपणी. मी लेखा शाखेत काढलेल्या वर्षांत जावक नोंदवहीच्या पानांवर दोन ओळींमध्ये कोंबलेले ‘अ’ लावलेले क्रमांक पुष्कळ पाहिले आहेत. ४१२ नंतर ४१२/अ आणि मग ४१३ असे काही आढळले, तर त्या ओळीची शाई आणि आजूबाजूच्या ओळींची शाई यांची तुलना जरूर करा. कार्यालयाने मात्र ३० मे रोजीच कोणाकरवी आपल्या घरी कागद पाठवला असेल, आपण तो घेतला नसेल आणि तसा पंचनामा फाइलला असेल, तर तेही आताच कळलेले बरे.

आता पैशांबद्दल. आस्थापना शाखेचे ‘काहीच मिळणार नाही’ हे उत्तर चुकीचे आहे. त्याच नियमांतील नियम १३० प्रमाणे चौकशी प्रलंबित असताना आपल्याला तात्पुरते निवृत्तिवेतन मिळते, आणि ‘तात्पुरते’ या शब्दावरून ते कमी असेल असा जो समज आहे तो खरा नाही. निवृत्तीच्या दिनांकापर्यंतच्या अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी गणल्या जाणाऱ्या, सेवेवर जेवढे जास्तीत जास्त निवृत्तिवेतन बसते, तेवढेच ते असते. पुढे अंतिम आदेशाने निवृत्तिवेतन कमी झाले, तरी आधी दिलेल्या तात्पुरत्या निवृत्तिवेतनातील फरक परत मागता येत नाही. उपदान मात्र अंतिम आदेश होईपर्यंत देता येत नाही, असे तोच नियम सांगतो, आणि चौकशी चालू असताना अंशराशीकरणही मिळत नाही. म्हणून या दोन बाबतींत कार्यालयाची भूमिका, चौकशी वैध आहे असे गृहीत धरले तर, नियमानुसारच आहे. भविष्य निर्वाह निधी ही आपल्याच पगारातून साठलेली रक्कम आहे. तिचा चौकशीशी काही संबंध नाही आणि भविष्य निर्वाह निधी अधिनियम, १९२५ ने तिला जप्तीपासूनही संरक्षण दिलेले आहे. गट विमा योजनेतील बचतीची रक्कमही अडवण्याचे कारण नाही. या दोन रकमांसाठी आजच वेगळा लेखी अर्ज द्या. सगळ्या मागण्या एकाच अर्जात घातल्या की तो अर्ज ‘चौकशी प्रलंबित’ असा शेरा मारून एकत्रच बाजूला पडतो.

आरोपाच्या गुणदोषांबद्दलही दोन शब्द लिहितो, कारण आपण ‘ती तर अर्धन्यायिक कार्यवाही होती, त्यात चूक झाली तर वर अपील आहे’ असे लिहिले आहे. फेरफार प्रमाणित करताना अर्थ लावण्यात झालेली चूक हे गैरवर्तन नव्हे, हे सर्वसाधारणपणे बरोबर आहे. पण धवन या आयकर अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये याला जे अपवाद सांगितले, त्यांत अधिकार वापरण्यासाठी कायद्याने घातलेली आवश्यक अट निष्काळजीपणे डावलणे हाही एक आहे. लेखी हरकत समोर असताना ती नोंदवहीत न घेणे या अपवादात बसू शकते. म्हणून बचावाचे निवेदन लिहिताना केवळ या एका मुद्द्यावर विसंबू नका. हरकत खरोखर आपल्या समोर आली होती का, तलाठी कार्यालयात ती कोणत्या तारखेला मिळाली, आपल्या प्रमाणनाच्या आधी की नंतर, हे आवक नोंदीवरून तपासा.

चौकशी वैध ठरून दोष सिद्ध झालाच, तरी निवृत्त माणसाला बडतर्फ करता येत नाही. निवृत्तिवेतनात कपात किंवा वसुली एवढाच मार्ग उरतो, आणि तो आदेश शासनाने काढायचा असतो. खालच्या अधिकाऱ्याने चौकशी पूर्ण केली तर त्याने निष्कर्षांचा अहवाल शासनाकडे पाठवायचा असतो. नुकसानीची वसुली साधारणतः निवृत्तीच्या दिवशी अनुज्ञेय असलेल्या निवृत्तिवेतनाच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक दराने होत नाही. चौकशी किती काळ चालावी याबद्दल प्रेमनाथ बाली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सहा महिने, आणि अपरिहार्य कारण असेल तर एक वर्ष, अशी अपेक्षा व्यक्त केलेली आहे. प्रत्यक्षात चौकशी अधिकारी नेमण्यातच वर्ष जाते, हे आपल्यालाही ठाऊक असेल. तरीही दर तीन महिन्यांनी या निकालाचा उल्लेख करून स्मरणपत्र देत राहा. पुढे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जावे लागले, तर विलंब आपल्यामुळे झाला नाही हे दाखवायला तीच स्मरणपत्रे कामी येतात.

प्रश्न : आमच्या गावच्या रस्त्याच्या कामात खडीकरणाचा एक थर घातलाच नाही, तरी मोजमाप पुस्तिकेत तो नोंदवून बिल काढण्यात आले. हे तीन वर्षांपूर्वी घडले. मी दीड वर्षापूर्वी लेखी तक्रार केली. आता उत्तर आले आहे की, ‘संबंधित अधिकारी सेवानिवृत्त झाले असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ माहितीच्या अधिकारात त्यांच्यावरील कारवाईचे कागद मागितले, तर ते वैयक्तिक माहिती म्हणून नाकारले. सरकारी नोकराने निवृत्तीपर्यंत दिवस ढकलले की तो सुटला, असेच समजायचे का?

उत्तर : नाही. आपल्याला मिळालेले उत्तर नियमाला धरून नाही. वरच्या प्रश्नातील नियम २७ इथे आपल्या बाजूने उभा राहतो. निवृत्तीनंतरही शासनाच्या मंजुरीने चौकशी सुरू करता येते, फक्त घटना चार वर्षांच्या आतली हवी. आपल्या प्रकरणात तीन वर्षे गेलेली आहेत. म्हणजे जेमतेम एक वर्ष हातात आहे आणि ते मोजताना तक्रारीची तारीख उपयोगाची नाही. आपण तक्रार वेळेत केली, एवढ्याने मुदत थांबत नाही. त्या मुदतीत दोषारोपपत्र निघाले पाहिजे.

मंजुरी शासनाची लागत असल्यामुळे यापुढचा अर्ज उपविभागाकडे किंवा जिल्ह्याच्या कार्यालयाकडे न करता थेट मंत्रालयातील संबंधित प्रशासकीय विभागाच्या सचिवांकडे करा. त्यात मोजमाप नोंदवल्याची आणि बिल अदा झाल्याची तारीख ठळकपणे लिहा, त्या तारखेला चार वर्षे कधी पूर्ण होतात हे लिहा, आणि ‘निकाली’ काढल्याच्या पत्राची प्रत जोडा. नियमाचा क्रमांक आणि मुदतीची तारीख पहिल्या परिच्छेदातच आली, की कक्ष अधिकाऱ्याला ती फाइल बाजूला सारणे अवघड जाते. तक्रारीवर दीड वर्ष काहीच झाले नाही, याचा जाबही वेगळा विचारता येतो. शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम सांगतो की सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, आणि हेतुपुरस्सर विलंब झाला तर तो शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. बदल्यांचे नियमही याच कायद्यात असल्यामुळे तो सगळ्या कर्मचाऱ्यांना तोंडपाठ असतो. त्यातला विलंबाचा भाग मात्र फारसे कोणी उघडत नाही.

विभागीय चौकशी आणि फौजदारी खटला या दोन वेगळ्या वाटा आहेत. खोटे मोजमाप नोंदवून सरकारी पैसा काढणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करता येते. निवृत्तिवेतन नियमांतील चार वर्षांची अट निवृत्तिवेतनाला हात लावण्यापुरती आहे. तिच्यामुळे फौजदारी खटलाच चालवता येणार नाही असे होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने पंजाबच्या एका प्रकरणात १९८९ मध्ये दिलेला आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली निवृत्त लोकसेवकावर खटला भरण्यासाठीही पूर्वमंजुरी लागते, हे खरे. त्यामुळे ही वाट लांबची आहे, पण बंद नाही.

कारवाईचे कागद नाकारण्यास आधार आहे. गिरीश देशपांडे यांच्या महाराष्ट्रातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, कर्मचाऱ्याला दिलेले ज्ञापन, कारणे दाखवा नोटीस, शिक्षा हे मूलतः कर्मचारी आणि नियोक्ता यांच्यातील असून व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ते उघड करता येत नाही, असे म्हटले. माझ्या मते सार्वजनिक पैशाच्या प्रकरणांत हा निकाल फार ताणून वापरला जातो. पण आपण त्या वादात न पडता वेगळे कागद मागा : अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम बिल, चाचणी अहवाल. हे कोणाचेही वैयक्तिक कागद नाहीत. मोजमाप पुस्तिकेत थराची जाडी लिहिलेली असते. पंचांसमक्ष तीन-चार ठिकाणी रस्ता खणून थर मोजण्याची मागणी करा. अधिकारी निवृत्त झाला असला, तरी त्याचा रस्ता अजून सेवेत आहे.

प्रश्न : मी वरिष्ठ लिपिक पदावरून निवृत्त झाले. निवृत्तीच्या वेळी सेवापुस्तक वेतनपडताळणी पथकाकडे गेले असता, २००९ मधील वेतननिश्चितीत एक वेतनवाढ चुकून जास्त दिल्याचा आक्षेप निघाला आणि अतिप्रदानाची, म्हणजे जादा दिलेल्या पगाराची, मोठी रक्कम माझ्या उपदानातून कापली. मी कोणताही गैरप्रकार केलेला नाही. वेतननिश्चिती कार्यालयानेच केली होती.

उत्तर : आपले प्रकरण गैरवर्तनाचे नाही, आणि ते तसे नाही हेच आपल्या अर्जाचे पहिले वाक्य असू द्या. १८ डिसेंबर २०१४ च्या रफीक मसीह निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोणत्या परिस्थितीत अशी वसुली करता येत नाही हे सांगितले आहे. वर्ग तीन व चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेलेली प्रकरणे, ही त्यांतली तीन. आपण तिन्हींत बसता.

कार्यालय यावर एक कागद पुढे करील : वेतननिश्चितीच्या वेळी आपण सही केलेले ‘जादा रक्कम दिली गेल्यास परत करीन’ हे हमीपत्र. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात अशा हमीपत्रामुळे वसुली मान्य झाली होती. तो कर्मचारी न्यायिक अधिकारी होता, वर्ग तीनचा नव्हता, हा फरक आपल्या वकिलांनी ठासून मांडायला हवा. सेवापुस्तकातील ते हमीपत्र वेतननिश्चितीच्या वेळचे आहे की निवृत्तीची कागदपत्रे तयार करताना घाईत सही करून घेतलेले, हेही पाहा. हा दुसरा प्रकार मी अनेकांच्या बाबतीत पाहिला आहे. ‘इथे, इथे आणि इथे’ असे बोट ठेवत आठ-दहा कागदांवर सह्या होतात आणि त्यांतच ते असते.

वसुली रद्द झाली, तरी चुकीची वेतननिश्चिती दुरुस्त करण्याचा कार्यालयाचा अधिकार राहतो. म्हणजे कापलेली रक्कम परत मिळेल, पण निवृत्तिवेतन सुधारित वेतनावरच बसेल, अशी तयारी ठेवा. राज्य शासनाच्या कर्मचारी असाल तर प्रशासकीय न्यायाधिकरणात वसुलीच्या आदेशापासून एक वर्षाच्या आत जावे लागते. आपण जिल्हा परिषदेच्या कर्मचारी असाल, तर हे न्यायाधिकरण आपल्यासाठी नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागेल.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला अपहाराच्या प्रकरणात सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर बडतर्फ केले. घरात वहिनी आणि दोन मुले आहेत. त्यांना काहीच मिळणार नाही का?

उत्तर : बडतर्फीने किंवा सेवेतून काढून टाकल्याने मागची सेवा निवृत्तिवेतनासाठी समपहृत होते, म्हणजे ती गणली जात नाही. त्यामुळे निवृत्तिवेतन आणि उपदान दोन्ही हक्क म्हणून मिळत नाहीत. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम मिळते. सेवेतून काढून टाकलेल्या कर्मचाऱ्याचे प्रकरण विशेष विचार करण्याजोगे असेल, तर शासन त्याला अनुकंपा निवृत्तिवेतन मंजूर करू शकते. वैद्यकीय कारणावरून निवृत्त झाल्यास जे निवृत्तिवेतन मिळाले असते, त्याच्या दोन-तृतीयांशापर्यंत ते असू शकते. बडतर्फ कर्मचाऱ्याला मात्र ते मिळत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण अपिलाची मुदत शिल्लक असेल, तर अपिलात बडतर्फीऐवजी सक्तीच्या सेवानिवृत्तीची शिक्षा मागता येते, आणि तिथे सेवा गणली जात असल्यामुळे निवृत्तिवेतन मिळू शकते. अपहाराची रक्कम भरली असेल, तर भरल्याच्या चलनाची प्रत त्या अपिलाला जोडा आणि ती कोणत्या तारखेला, चौकशीच्या आधी की नंतर भरली, हे अर्जातच लिहा.